गॅरेजमध्ये मुलांसाठी वाहनसुरक्षेचा वर्ग घ्यावा का?

प्रश्न:
वडिलांनी सुरू केलेले दुचाकींचे गॅरेज आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. गेल्या आठवड्यात अकरावीतला एक मुलगा स्कूटर घेऊन आला. मागचे ब्रेक शू पार झिजले होते आणि लिव्हर हँडलला टेकत होता, तरी त्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. रविवारी सकाळी परिसरातील मुलांसाठी मोफत वर्ग घ्यावा असे मनात आहे. काय शिकवावे?

प्रतिसाद १:
अवश्य घ्या, मात्र पालकांनाही बोलवा. सोळाव्या वर्षी पेट्रोलवरील दुचाकींपैकी केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा परवाना मिळतो, त्यामुळे घरातली ११० सीसीची स्कूटर १८ वर्षांपर्यंत चालवताच येत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यांच्याकडे परवाना नाही, त्यांना गाडी स्टँडवर लावूनच शिकवावे.

प्रतिसाद २:
व्याख्यानापेक्षा हाताने करून पाहू द्या. झिजलेला आणि नवा ब्रेक शू शेजारी ठेवा, टायरच्या खाचांमधील झीजदर्शक उंचवटे बोटाने चाचपायला लावा. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह कुठे असते आणि पट्टा हनुवटीखाली किती घट्ट हवा, हेही प्रत्येकाला स्वतः बांधून समजू द्या.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. झिजलेले शू जपून ठेवले आहेत. पहिल्या वर्गात तेच मुलांच्या हातात देईन.