त्या खोलीत पाय टाकवत नाही : अनुभव धागा

सोनटक्का
आज कपाटात निलगिरी तेलाची बाटली लवंडली आणि दोन वर्षांचं आजारपण समोर उभं राहिलं. म्हणून हा धागा. जिथे कुणी फार सोसलं किंवा रोज भांडणं झाली, ती खोली रिकामी असली तरी आत कुणीतरी आहेसं वाटतं. बाकी संवेदना आधी थॅलॅमसमधून (मेंदूतलं संवेदना पुढे पाठवणारं केंद्र) जातात, वास मात्र थेट भावना-आठवणींच्या भागात शिरतो. भीती आधी वाटते, कारण मागून कळतं. म्हणून पहिल्यांदा वास काढायचा: औषधांचा खण, रबरी शीट, पडदे, उशा. कापसाची गादी पिंजून नव्या खोळीत भरून घ्या, नुसत्या उन्हाने भागत नाही. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं ते लिहा.

माजघर
बटण बंद असून एलईडी मिणमिणतो का? बहुतेक वेळा बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं असतं. बटण बंद ठेवून वायरमनला होल्डरवर टेस्टर लावायला सांगा. पेटला तर जोडणी उलटी आहे, बल्ब बदलताना शॉक बसेल. नाही पेटला तर बटणातला इंडिकेटर (छोटा दिवा) बघा.

पागोळी
पत्रा दिवसभर तापतो, रात्री आक्रसतो. आठ-नऊनंतर टणटण, कडकड सुरू. पावलांचे आवाज बहुतेक हेच. पहाटे भिंतीत ठोके पडत असतील तर पंप बंद व्हायची वेळ जुळते का पाहा. जुळली तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे फिरू न देणारी झडप) आणि पाइपाचे सैल क्लॅम्प तपासा.

रातांबा
कोकणात माळ्यावर धावाधाव म्हणजे उदमांजर. विष्ठेत बिया दिसतील.

पागोळी
@रातांबा विष घालू नका कुणी, कायद्याने संरक्षित आहे. रात्री ते बाहेर पडलं की फट बुजवायची, पण आत पिल्लं नाहीत ना ते आधी बघून.

शेवंती
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल तर आजच बाहेर काढा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही. डोकं दुखतं, छाती दडपते, भास होतात. 1921 मध्ये अमेरिकेत विल्मर या नेत्रतज्ज्ञाने असंच एक ‘झपाटलेलं’ घर नोंदवलंय, दोष घर तापवणाऱ्या भट्टीचा निघाला. घराबाहेर पडल्यावर सगळ्यांनाच बरं वाटत असेल तर हाच संशय धरा.

अबोली
आई गेली त्या खोलीत तिची चाहूल लागते. हेही वायरिंगच का?

सोनटक्का
नाही गं. वेल्समध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 मध्ये लिहिलं, जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागत होती. वेड नाही ते. बऱ्याच जणांना आधारच वाटतो.

ओवी
अबोली, जवळ घेते तुला. चाहुलीची भीतीच वाटत असेल तर दुपारी दार उघडं ठेवून दहा मिनिटं बस, हातात भाजी निवडायला घे. छाती धडधडली की लगेच उठू नको. ऐन भीतीत पळालं की ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच मन शिकतं. धडधड ओसरली की ऊठ. चार दिवसांनी वेळ वाढव, मग संध्याकाळी बस. पलंगाची दिशा बदल, घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लाव. मारहाण, अत्याचार घडलेली खोली असेल तर मात्र एकट्याने हे करू नये, समुपदेशक हवाच. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट, मराठीतही बोलतात.

माजघर
रात्री जाग येते, हलता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, ती निद्रापक्षाघाताची लक्षणं. उताणं झोपू नका, झोप पुरी करा.

रातांबा
भिंतींना डिस्टेंपर की चुना?

पागोळी
ओल असेल तर चुनाच, भिंत श्वास घेते. 1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर नाही, उसळतो. लोखंडी पिंप घ्या, प्लॅस्टिकची बादली वितळेल. 24 तास भिजवून फडक्याने गाळा, वर डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. तीन हात पातळच द्या, जाड दिला की पापुद्रे सुटतात.

रातांबा
जुना ऑइलपेंट आहे खाली.

पागोळी
मग आधी पूर्ण खरवडा, त्यावर चुना धरत नाही. आणि डोळ्यांना चष्मा लावा.