मदत हवी आहे: मे महिना, चिपळूण, तेलकट त्वचा आणि नवरीचा मेकअप

धाकट्या बहिणीचं लग्न मेमध्ये चिपळूणला आहे आणि तिचा मेकअप मी करायचा असं ठरलंय. पार्लरमधल्या ट्रायलला तिचा चेहरा राखाडी दिसला. घरी येऊन रडली बिचारी आणि म्हणाली, "ताई, तूच कर." माझा हात बरा आहे, पण नवरीचा मेकअप, तोही तेलकट त्वचेवर, कधी केलेला नाही. तिला त्या दिवशी आरशात बघून छान वाटावं, एवढीच इच्छा आहे.

कपाळ, नाक, हनुवटी धुतल्यापासून तासाभरात चमकायला लागतात. गाल त्यामानाने बरे. रंग गव्हाळ, पिवळसर झाक. हनुवटीवर पिंपल्स येतात म्हणून डॉक्टरांनी रात्री लावायला अडॅपलीनची जेल दिलीय, ती नुकतीच सुरू केलीय. मॉइश्चरायझर लावत नाही. आधीच एवढं तेल सुटतं, त्यात आणखी कशाला, असं तिचं म्हणणं.

सामान: मेबलिनचं फिट मी फाउंडेशन, मॅट (म्हणजे चमक न येणारं) प्लस पोअरलेसवालं, शेड २३०. फाउंडेशनच्या आधी लावायचा सिलिकॉनचा प्रायमर आणि लूझ पावडर. घरी करून पाहिलं तर सुरुवातीला सुरेख दिसतं. मग नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर फाउंडेशन फाटतं, बारीक पापुद्रे दिसतात आणि कपाळ मात्र चकाकतं. वरून पावडर लावली की नुसते थर.

सकाळी आठला हळद, १२.१७ चा मुहूर्त, मग होम, मग पंगत. हॉलला एसी नाही. रिसेप्शन वेगळं नसल्याने तोच मेकअप चारपर्यंत टिकायला हवा.

आणखी मॅट काही घेऊ का? हळदीनंतर चेहरा कसा तयार करू? आई आठवडाभर आधी ब्लीच आणि फेशियल करून घ्या म्हणतेय, ते चालेल? आणि चापाची नथ तेलामुळे नाकावरून घसरते, त्याला काय करायचं?

केवडा:
मी रत्नागिरी-कुडाळ भागात लग्नाचे मेकअप करते. आधी महत्त्वाचं: आणखी मॅट काहीही घेऊ नका. हनुवटीवर फाटतंय ते तेलाने नाही, कोरडेपणाने. अडॅपलीन सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा कोरडी करते, सालपटं निघतात. तेल सुटणं वेगळं आणि त्वचेत ओलावा असणं वेगळं. एकाच चेहऱ्यावर दोन्ही तक्रारी असू शकतात. मॅट फाउंडेशन आणि पावडर त्या सालपटांना धरून बसतात. तिला आजपासूनच बिनवासाचं, हलकं जेल मॉइश्चरायझर दोन्ही वेळा लावायला सांगा. मेकअपच्या दिवशी ते लावून दहा मिनिटं थांबायचं, मगच प्रायमर. तोही फक्त नाक आणि कपाळाच्या मध्यावर, अगदी थोडा.

सिलिकॉनच्या प्रायमरवर निव्वळ पाण्याचं फाउंडेशन बऱ्याचदा गोळे होऊन निघतं. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं असतंच, त्यावर जाऊ नका. पुढची दोन-तीन नावं बघा. त्यांतल्या एखाद्या नावाच्या शेवटी 'सिलॉक्सेन' किंवा 'कोन' असेल तर सिलिकॉनच्या प्रायमरशी जमतं.

फाउंडेशन ओल्या स्पंजने दाबून, पातळ. डाग लपवायचे तिथे कन्सीलर, पण सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर नको. पावडर पफने दाबायची, ओढायची नाही. टचअपला आधी टिश्यूने तेल टिपायचं. तेलावर पावडर गेली की तुम्ही म्हणताय तसे थर होणारच.

ब्लीच, फेशियल, चेहऱ्याचं वॅक्सिंग, अडॅपलीन चालू असताना यातलं काहीही नको. वॅक्सबरोबर त्वचा सोलून निघू शकते. आईंना नीट समजावा. आयब्रो करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारा, जेल किती दिवस आधी थांबवायची तेही तेच सांगतील.

हळद बहुतेक घरी तेलात कालवतात. चेहऱ्याला बोटभरच लावा अशी बायकांना आधीच विनंती करा, हातापायांना हवी तेवढी. नंतर सौम्य फेसवॉशने दोनदा धुवायचं, चोळायचं नाही. भुवयांत आणि केसांच्या कडेला पिवळं राहतं, तिथे ओला कापूस फिरवा.

नथीसाठी सोनाराकडून चाप थोडा आवळून घ्या. चाप बसतो तेवढी जागा मेकअपनंतर पुसून कोरडी करा, तिथे प्रायमर नको.

पाचोळा:
राखाडी दिसण्याचं कारण बहुधा शेड. पिवळसर गव्हाळ रंगावर गुलाबी झाकेचं किंवा फिकं फाउंडेशन राखाडीच दिसतं. २३० सुद्धा जबड्याच्या कडेला लावा, अर्धा तास थांबा आणि खिडकीतल्या उजेडात बघा. काही फाउंडेशनं तेलाशी मिसळून गडद होतात. पांढरी सिलिकाची पावडर डोळ्यांखाली जास्त झाली तर फ्लॅशमध्ये पांढरे चट्टे येतात. झिंकच्या सनस्क्रीननेही चेहरा पांढरट येऊ शकतो. मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढून बघाच.

रानजाई:
मुंडावळ्यांचा विचार करा! माझ्या वहिनीच्या कपाळावर दोरी घासून बरोब्बर तेवढी रेघ मोकळी झाली होती आणि सगळ्या फोटोंत दिसते. दोरी बसते तिथे फाउंडेशन जवळजवळ नकोच. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, म्हणून खालच्या पापणीला काजळ अगदी कमी आणि वॉटरप्रूफ. वरच्या पापणीवर आधी थोडी पावडर दाबा, नाहीतर तेलाने आयलायनर वर छापतं.

धागाकर्ती:
केवडाताई, खूप खूप आभार! त्या दिवसापासून जेल मॉइश्चरायझर सुरू केलं आणि काल पुन्हा मेकअप करून पाहिला. हनुवटी अजिबात फाटली नाही. आम्ही दोघी आनंदाने ओरडलोच. २३० उजेडात बरोबर जुळतोय. मंगळवारी डॉक्टरांकडे जातोय, आईलाही बरोबर नेते, म्हणजे ब्लीचचा विषय तिथेच मिटेल. कपाळ मात्र दोन तासांनी चमकतंच. सेटिंग स्प्रेने थांबेल का?

केवडा:
स्प्रेने मेकअप धरून राहतो, तेल सुटायचं थांबत नाही. पावडरनंतर हातभर अंतरावरून मारा आणि पंख्याखाली वाळू द्या. बाकी करवलीच्या पर्समध्ये टिश्यू आणि पफ ठेवा. अंतरपाट धरायच्या आधी एकदा कपाळ टिपायचं आणि होमावरून उठल्यावर एकदा.