१० महिन्यांचं बाळ, 'बाबाबा' नाही, घरात मराठी-कानडी: घरच्यांना काय करायला लावू?

अंगणवाडी_निपाणी
बाळ ३३व्या आठवड्यात जन्मलेलं, ९ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं. ओएई या कानाच्या तपासणीचा 'पास'चा कागद आहे. हसतं, आऽ-ऊऽ करतं, पण 'बाबाबा', 'दादादा' नाही. आई घरी विड्या वळते, बाळ आज्जीकडं. आज्जी कानडी, बाकी घर मराठी. दोन भाषांनी पोर गोंधळतंय असं कुणीतरी घातलंय डोक्यात, आता आज्जी बोलतच नाही. दर आठवड्याला बेळगावला थेरपीला जाणं जमण्यासारखं नाही.

श्रवण_बेळगाव
७ आठवडे आधीचं बाळ, म्हणजे ते वजा करून हिशेबाचं वय साडेआठ महिने. 'बाबाबा' साधारण ६ ते १० महिन्यांत येतं, तेव्हा बडबडीसाठी थोडं थांबता येईल. कानासाठी नाही. ओएई कानाच्या आतल्या शंखापर्यंतचंच सांगते. पुढं नस आवाज नेते का, ते बेरा या दुसऱ्या तपासणीत कळतं. ५ दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची बेरा हवीच, कारण नसेचा दोष या बाळांत जास्त सापडतो. मागं ताट वाजवून खात्री करू नका. सावली हलते, हवा लागते, बाळ वळतं आणि 'ऐकतंय की' म्हणून महिने जातात.
आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाकडून बेरासाठी चिठ्ठी घ्या, २०१३ पासूनची ही योजना याचसाठी आहे. बेरा झोपेत करतात. बाळ निपाणीच्या बसमध्ये झोपतं आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागं! बसमध्ये जागं ठेवा, पोचल्यावर पाजा. त्या दिवशी तेल नको, कपाळाला तीट नको. डोक्याला लावायचे इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

वाचा_थेरपी
दोन भाषांनी पोर गोंधळत नाही हो ताई. आज्जी गप्प बसली, ते वाईट. तिला कानडीतच बोलू दे. हात पसरून 'बा, बा' (ये, ये) म्हणते ना, तो आवाज बाळाला ओठांवर दिसतो.
रोज वेगळा अर्धा तास काढा म्हणू नका, चार दिवस टिकतं. मालिश धरा. आज्जी पाय पसरून बाळाला उताणं घेते तेव्हा दोघांची तोंडं समोरासमोर, हातभर अंतरावर असतात. पोटावरून दोनदा हात फिरवायचा, मग हात थांबवायचा, तोंडही बंद. मनात १० पर्यंत मोजायचं. बाळानं पाय झाडला, टक लावून बघितलं, 'ऊ' केलं, काहीही चालेल. 'ऊ' केलं तर तोच 'ऊ' परत, आणि हात सुरू. ५-६ वेळा पुरे. मान फिरवली की बंद.
बिघडतं ते मोजण्यातच. ३ पर्यंत येतंय तोवर कुणीतरी 'पप्पा म्हण, पप्पा म्हण' सुरू करतं. टीव्हीही बंद हवा, नाहीतर बाळाचा बारीक आवाज कुणाला ऐकूच येत नाही.

अंगणवाडी_निपाणी
आणि आई? सूप मांडीवर, मान खाली. शेजारी ठेवलेल्या बाळाला नुसतं कोपर दिसतं.

वाचा_थेरपी
सुपाजवळ बाळ नकोच, तंबाखूची धूळ असते. हात धुऊन, कपडे बदलून भरवायला बसू दे. नाचणीची आंबील चमच्यात घेऊन चमचा स्वतःच्या हनुवटीशी धरायचा आणि थांबायचं. बाळानं तिच्याकडं बघितलं की 'घे' म्हणून द्यायचा. प्रत्येक घासाला नको, चिडेल. सुरुवातीचे ४-५ घास.
दोन आठवडे एवढंच: आज्जीची मालिश, आईचा चमचा. मग १ मिनिटाचा व्हिडिओ थेरपिस्टला पाठवा. त्यात भरवणारीचंही तोंड दिसू दे, बहुतेक व्हिडिओंत नुसतं बाळच असतं.