गाडी ठेवू की विकू? १ लाख ८४ हजार किलोमीटर झाले, वॉरंटी संपली (मदत हवी आहे, रविवारच्या आत)

पारोळेकर_८४ (बुधवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. एक्सटेंडेड वॉरंटी जूनमध्ये संपली. गाडी १ लाख ८४ हजार चाललीय. परवा सर्व्हिस सेंटरने ९२ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. धुळ्याची एक पार्टी ३ लाख ४० हजार द्यायला तयार आहे, आहे तशी उचलतो म्हणतो. रविवारी सकाळी टोकन घेऊन येतोय. वडील म्हणतात काढून टाक, बायको म्हणते पुन्हा हप्ता नको. दोन रात्री झोप नाही. ठेवू की विकू, एवढंच सांगा. लवकर सांगा.

तापीकाठ (रात्री ९.५२)
कोणती गाडी? पेट्रोल की डिझेल? कोणत्या सालची? ९२ हजार कशाकशाचे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार, दादा?

केळीबाग_रावेर (रात्री १०.०५)
काढून टाका. मी हाच घोळ घातला होता. दीड लाख किलोमीटरला गिऱ्हाईक दारात आलं होतं, माझा जीव अडकला, दिली नाही. २ लाख १० हजारला इंजिन उघडावं लागलं. हेड, रिंगा, बेअरिंग मिळून सव्वा लाख गेले. तेही भर मे महिन्यात बऱ्हाणपूर रस्त्यावर बंद पडली तेव्हा. गाडीत आई होती, सावलीला एक झाड नाही. तो दिवस मी विसरत नाही. दीड लाखाच्या पुढे गाडी ठेवूच नये.

गिरणाथडी (रात्री १०.१८)
केळीबाग, असा सरसकट नियम नसतो. माझी २ लाख ६० हजार चालली, इंजिनचं झाकण अजून उघडलेलं नाही. तुमचं हेड गेलं म्हणजे गाडी तापली होती. रेडिएटरमध्ये कूलंट होतं की नुसतं पाणी?

केळीबाग_रावेर (रात्री १०.३१)
वर्षभर बोअरचं पाणी टाकत होतो. फिटरनेही नंतर तेच सांगितलं, आत क्षार धरले होते.

गिरणाथडी (रात्री १०.३४)
मग दोष किलोमीटरचा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्या बुजतात आणि हेड वाकतं. आपल्या हवेत गंजाचा त्रास जवळजवळ नाही, पण रबर, बॅटरी आणि कूलिंग लवकर जातं. बघायचं असेल तर ते बघा, मीटरचा आकडा नको.

पारोळेकर_८४ (गुरुवार, सकाळी ७.१०)
डिझेल आहे, सात सीटर, १५०० सीसी. जून २०१९ ची, फर्स्ट ओनर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, मागच्या धाग्यावर त्यावरूनच भांडणं लागली होती. एस्टिमेट असं: टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) ५४ हजार, क्लच २३ हजार, खालचं काम १५ हजार (लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, पुढचे शॉकअप). आता तरी सांगा.

चाळीसगाव_प्रवासी (सकाळी ७.४५)
डिझेलला दहा वर्षांची बंदी आहे. चार वर्षांनी भंगारात घालावी लागेल. आजच विका.

तापीकाठ (सकाळी ८.०२)
चुकीचं सांगू नका. दहा वर्षांची अट दिल्ली आणि एनसीआरपुरती (दिल्लीलगतचा पट्टा) निघाली, महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी आणि पर्यावरण कर भरून ५ वर्षं वाढवून मिळते. ही गाडी २०३४ पर्यंत बिनघोर चालवता येईल.

चाळीसगाव_प्रवासी (सकाळी ८.२०)
नियम बदलायला वेळ लागतो का? आणि विकायची असेल तर आधी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी लावून घ्या, नाहीतर ट्रान्सफर अडकेल.

तापीकाठ (सकाळी ८.२६)
ती सक्ती १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आहे. जून २०१९ च्या गाडीला पाटी शोरूममधूनच लागून येते. त्यांना आधीच घोर आहे, त्यात भर घालू नका.

ढोलगरवाडा (सकाळी ९.१५)
भाऊ, गाडी चांगली शे, इकू नको. नवी लेशी तं पाच वरीस हप्ता भरत बसशी.

विजेरी_जळगाव (सकाळी ९.५०)
इलेक्ट्रिक घ्या. ना ऑइल, ना क्लच, ना टर्बो. घरी रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं. मी दीड वर्षापासून जळगाव ते भुसावळ रोज जातो, पश्चात्ताप नाही.

पारोळेकर_८४ (सकाळी १०.०५)
दादा, मी बियाणं कंपनीत फिरतीवर आहे. नंदुरबार, शहादा, धडगाव, तोरणमाळपर्यंत जातो. वर्षाला २९ हजार किलोमीटर होतात. मी नवी कोणती घ्यावी हे विचारलंच नाहीये.

सातपुडा_फिटर (सकाळी १०.४०)
माझं शिरपूरला गॅरेज आहे, २२ वर्षं डिझेलचंच काम करतोय. भाऊ, टर्बो गेला हे कशावरून ठरलं? लक्षणं सांगा. पिकअप पडलाय का? धूर कोणत्या रंगाचा? दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल कमी होतं का? शिट्टीसारखा आवाज येतो का? शेवटचं विचारतो, यात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) आहे की चेन? बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला?

पारोळेकर_८४ (दुपारी १.३०)
लळिंग घाट चढताना पिकअप पडतो, सूं सूं असा आवाज येतो. धूर काळा. ऑइल कमी होत नाही, मी दर महिन्याला काडी बघतो. चौथ्या-पाचव्या गिअरला जोरात रेस दिली की आरपीएम वाढतो, गाडी मात्र तेवढी ओढत नाही. बेल्ट आहे. बिलं चाळली, १ लाख १८ हजारला वॉटर पंपासकट बदललाय.

सातपुडा_फिटर (दुपारी २.१५)
आता नीट ऐका. आरपीएम चढतो आणि गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. ते काम खरं आहे. इतक्या किलोमीटरला क्लच जाणं हा दोष नव्हे, तो झिजण्यासाठीच असतो. खालचं कामही खरं असणार. फागणे ते तरसोद चौपदरीकरणाच्या काळात या रस्त्यावर रोज पळालेली एकही गाडी माझ्याकडे बुश शाबूत घेऊन आली नाही.

टर्बोबद्दल मात्र मला शंका आहे. टर्बोचं सील गेलं की बहुतेक वेळा निळसर धूर येतो आणि ऑइल कमी होतं. तुमचं ऑइल जागेवर आहे आणि धूर काळा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं पण हवा कमी. टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) यांच्या मधला रबरी होज, म्हणजे नळी, उन्हाने तडकला की नेमकं असंच होतं: चढावर दाब वाढला की फट उघडते, आवाज येतो, पिकअप पडतो. होज खालच्या बाजूने फाटलेला असला तर वरून दिसत नाही. तो काढून हाताने वाकवून बघायला सांगा. मग टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघायचा. किंचित हालचाल चालते, पंखा घराला घासायला नको. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असला तर घाबरू नका, थारोळं असलं तर घाबरा.

आणखी एक. इंजिन गरम आणि चालू असताना ऑइलचं झाकण काढा. भकाभका वाफ आणि धूर आला तर रिंगा थकल्या, मग मीच म्हणेन विका. जेमतेम फुंकर आली तर इंजिन अजून जवान आहे.

केळीबाग_रावेर (दुपारी २.४०)
आणि रस्त्यात बंद पडली तर? गॅरेजवाल्यांना गाडी राहिलेलीच बरी वाटणार.

सातपुडा_फिटर (दुपारी २.५२)
मी त्यांना माझ्याकडे या म्हटलेलं नाही. पारोळ्यात, धुळ्यात कोणाकडेही दाखवा. एवढंच म्हणतो की दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय ५४ हजार घालू नका आणि त्याच ५४ हजारांच्या भीतीने गाडीही विकू नका.

हिशेब_वही (संध्याकाळी ६.२०)
मी पैशांचं बोलतो. नव्या गाडीसाठी ८ लाख कर्ज, ५ वर्षं, ९ टक्के धरा. हप्ता साधारण १६ हजार ६०० येतो. पूर्ण ९२ हजार घातले तरी ते साडेपाच हप्त्यांएवढेच होतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या तशी जुन्यांची बोलीही खाली आली, तुमच्या पार्टीने ते धरूनच भाव केला असेल. जानेवारी लागला की गाडी आणखी एक वर्ष जुनी मोजतात, तीच भीती घालून तो घाई करतोय.

कंपनी किलोमीटरमागे भत्ता देते का? देत असेल तर त्यातला किलोमीटरमागे १ रुपया वेगळ्या खात्यात टाका. तुमच्या धावेला वर्षाचे २९ हजार जमतील. झिजेचे पैसे त्या भत्त्यातच असतात, आपण ते घरखर्चात घालतो आणि मग एस्टिमेट आलं की डोकं धरतो.

पारोळेकर_८४ (रात्री ९.०५)
भत्ता मिळतो. तुम्ही म्हणता तसाच तो खर्च होतो.

एक गोष्ट लिहिली नव्हती, ती महत्त्वाची वाटली नाही. आईला दर २१ दिवसांनी केमोसाठी नाशिकला न्यावं लागतं. अजून चार वेळा जायचंय. लळिंग घाटात पिकअप पडला तेव्हा आई मागे झोपलेली होती. तेव्हापासून वडिलांनी धोशा लावलाय.

तापीकाठ (रात्री ९.२०)
दादा, हेच आधी लिहायचं होतं. मग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाडीचं काम होऊन ती महिनाभर भरवशाने चालेपर्यंत आईला भाड्याच्या गाडीने न्या. त्या चार फेऱ्यांचा खर्च गाडीच्या हिशेबात धरूच नका. आईला बरं वाटो.

केळीबाग_रावेर (रात्री ९.३३)
हे पटलं. माझ्या आईचं आठवूनच मी तावातावाने बोललो होतो.

अंजनीकाठचा (रात्री १०.१०)
विकायचं ठरलंच तर कागद सोडू नका. मी २०१७ मध्ये गाडी विकली, समोरच्याने दोन वर्षं नावावर केली नाही, चलनं माझ्या घरी येत राहिली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसते देऊ नका, आपण स्वतः १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घालून बोजा उतरवून घ्या. अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाई त्याच्याकडून, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. पार्टी परवानाधारक डीलर असेल तर गाडी ताब्यात देताना फॉर्म २९ सी भरून घ्या, तो नियम एप्रिल २०२३ पासून आहे. आणि विम्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत) गाडीचा नसतो, तुमचा असतो. त्याचं पत्र विमा कंपनीकडून घेऊन ठेवा, नव्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतं.

विजेरी_जळगाव (रात्री १०.२५)
नो क्लेम बोनस इलेक्ट्रिकलाही चालतो.

पारोळेकर_८४ (शनिवार, रात्री ८.१५)
आज धुळ्यात एका जुन्या फिटरकडे गाडी उभी केली. इंटरकूलरचा होज खालून बोटभर फाटलेला निघाला. टर्बोचा शाफ्ट ठीक, घासल्याची खूण नाही. ऑइलचं झाकण काढून दाखवलं, किरकोळ फुंकर. होज ३,२०० ला बदलला. लगेच लळिंग घाट चढून आलो, पिकअप आला, आवाज गेला. क्लच मात्र घसरतोच, ते त्यानेही सांगितलं. क्लच आणि खालचं काम मिळून ३१ हजार सांगतोय, सामान कंपनीचंच.

पार्टीला फोन करून येऊ नका म्हटलं. तो लगेच ३ लाख ६५ वर आला. वडील पुन्हा विचारात पडलेत.

हिशेब_वही (रात्री ८.४०)
बुधवारी तर ३ लाख ४० च देत होता ना? मग घाई त्याला आहे.

सातपुडा_फिटर (रात्री ९.००)
क्लच करताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदला, गिअरबॉक्स एकदाच उतरवावा लागतो. इंजिनचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या. पुढचा टायमिंग बेल्ट तुमच्या पुस्तकात कितीला लिहिलाय ते आजच बघून डॅशबोर्डवर चिकटवा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग केळीबागसारखं इंजिन उघडावं लागेल.

पारोळेकर_८४ (रात्री ९.४५)
सोमवारी गाडी कामाला टाकतोय. मंगळवारी नाशिकसाठी भाड्याची गाडी सांगितली, वडील सोबत येणार आहेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

केळीबाग_रावेर (रविवार, सकाळी ८.३०)
पारोळेकर, त्या पार्टीला माझी गाडी चालेल का विचारून बघाल? २ लाख ३२ हजार झालेत, इंजिनचं काम केल्याची बिलं आहेत. आता कूलंटच टाकतो.