मदत हवी आहे: सहावीच्या मुलांसाठी मेसोपोटेमिया

नमस्कार मंडळी, नागपुरात सहावीला इतिहास शिकवते. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उर शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत हडप्पा संस्कृतीचे लाल कार्नेलियन मणी सापडले, हे सांगितल्यावर वर्ग अक्षरशः पेटला. मग प्रश्न आला, "मॅडम, तेव्हा आपल्या नागपुरात काय होतं?" काटोल रोडवरची जुनापाणीची शिळावर्तुळं (दफनांभोवती गोलात मांडलेले मोठे दगड) आठवली, पण ती बरीच नंतरची, लोहयुगातली. तरी मुलांना दाखवायचीच आहेत. पुस्तकातल्या चित्रापेक्षा तो दगड हाताला लागला पाहिजे. कोणी शाळेची सहल तिथे नेली आहे का? परवानगी कुठे काढावी लागते?

आणखी एक: मातीच्या पाटीवर बोरूने कीलाकार (मेसोपोटेमियाच्या लिपीतल्या, खिळ्याच्या आकाराच्या) खुणा उमटवून घ्यायच्या आहेत. शाडू घेऊ की कुंभाराकडची माती? इथल्या उन्हात तडे न जाता कोणती वाळेल? जाणकार ताई-दादांनी कृपया सांगा.