मर्फी हे आयरिश आडनाव : अर्थ काय, उगम कोठला, आणि ते इतक्या लोकांचे का?

पाचपाखाडी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील ठाण्यातील मर्फी रेडिओच्या कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे 'मर्फी' हा शब्द आमच्या घरात मला कळू लागल्यापासून आहे. दिनदर्शिकेवरचे ते तोंडाशी बोट धरलेले बाळ पाहून ते त्या बाळाचेच नाव असावे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. गेल्या वर्षी माझी मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहायला गेली. तिच्या विभागात अठरा माणसे आहेत, त्यांपैकी तिघांचे आडनाव मर्फी आहे, आणि त्या तिघांचा आपसांत काहीही नातेसंबंध नाही. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की या आडनावाचा अर्थ काय, ते मुळात कोणत्या भागातले, आणि हे सारे मर्फी कधी काळी एकाच कुळातले होते काय? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

शब्दवेध

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे देता येते. मर्फी हे इंग्रजी वळणाचे रूप आहे. आयरिश भाषेत हे आडनाव जुन्या लेखनात 'ओ मुरखध' आणि आजच्या लेखनात 'ओ मुरुखू' असे आहे. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, आणि मुरखध हे पुरुषाचे व्यक्तिनाव, म्हणजे पूर्ण अर्थ 'मुरखधाचा वंशज' असा होतो. या व्यक्तिनावात 'मुइर' म्हणजे समुद्र आणि 'कॅथ' म्हणजे लढाई असे दोन शब्द आहेत, म्हणून त्याचा अर्थ 'समुद्रावरचा योद्धा' असा सांगितला जातो. यांतील 'कॅथ' हा शब्द आणि आपला संस्कृतातून आलेला 'शत्रू' हा शब्द यांना काही भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन मुळाकडे नेतात. मला स्वतःला या आडनावातील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे दहाव्या आणि अकराव्या शतकांत रूढ होऊ लागली, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या आधी. त्या काळी मुरखध हे नाव सरदार घराण्यांत आवडीने ठेवले जात असे. १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत राजा ब्रायन बोरू याच्याबरोबर मारला गेलेला त्याचा मुलगाही मुरखधच होता.

पुढे इंग्रजी सत्तेच्या काळात, विशेषतः सतराव्या आणि अठराव्या शतकांत, आडनावांपुढचा 'ओ' मोठ्या प्रमाणावर गळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली, तेव्हा ओब्रायन, ओकॉनर, ओसुलिव्हन अशा घराण्यांपैकी अनेकांनी तो परत घेतला. इंग्रजीत लिहिताना मर्फी आणि केली यांनी मात्र तो सहसा घेतला नाही.

गडवाट

यात एक भर घालतो. लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मॉट मॅकमरो याचे आडनावही याच मुरखध नावावरून आले आहे, कारण त्याच्या आजोबांचे नाव मुरखध होते. ११६६ मध्ये राज्य गमावल्यावर तो समुद्रापार मदत मागायला गेला आणि ११६९ मध्ये अँग्लो-नॉर्मन सैनिक आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. आयर्लंडच्या इतिहासाला त्यामुळे किती मोठे वळण लागले, हे सांगायला नको. तेव्हा सारे मर्फी हे या राजघराण्याचे वंशज आहेत, असे म्हणायला हरकत नसावी.

लीनदीकाठ

गडवाट यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण नीट मांडतो, कारण मूळ प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. मी गेली अकरा वर्षे कॉर्कमध्ये राहतो आणि हा समज येथेही अनेकांकडून ऐकला आहे.

डर्मॉटच्या वंशजांची प्रमुख शाखा पुढे मर्फी म्हणून नव्हे, तर कॅव्हना म्हणून ओळखली गेली, कारण त्याचा मुलगा डोनल याला 'कॅव्हनाख' असे उपनाव होते. किन्सेला हे आडनावही त्याच घराण्यातले आहे. वेक्सफर्डच्या मर्फींचे कूळ याच विस्तृत गोतावळ्यातले होते, एवढे खरे. परंतु उत्तरेस टिरोन आणि आर्मा या भागांत 'मॅक मुरखध' नावाचे अगदी निराळे घराणे होते. 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजीत लिहिताना त्यांचेही 'मर्फी' झाले, आणि दक्षिणेतल्या व उत्तरेतल्या दोन असंबद्ध घराण्यांतला फरक कागदावरून पुसला गेला.

म्हणजे एक व्यक्तिनाव लोकप्रिय होते, त्या नावाचे पुरुष निरनिराळ्या प्रांतांत होऊन गेले, आणि प्रत्येकाच्या वंशजांनी स्वतंत्रपणे तेच आडनाव धारण केले. आपल्याकडे 'पाटील' आडनावाची सगळी घराणी एका मूळपुरुषाची नसतात, कारण ते आडनाव गावच्या पदावरून आले आहे. तेथे पद आहे, येथे व्यक्तिनाव आहे, परंतु परिणाम तोच.

संख्येबद्दल सांगायचे तर १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी आयर्लंडमधील आडनावांचा अहवाल तयार केला होता. त्यात मर्फी पहिल्या क्रमांकावर असून त्यांची अंदाजे संख्या ६२,६०० आणि दुसऱ्या क्रमांकावरील केलींची ५५,९०० दिली आहे. त्या वेळची लोकसंख्या सुमारे ४७ लाख होती, तेव्हा दर ७५ माणसांमागे एक मर्फी असे प्रमाण पडते. सर्वाधिक मर्फी कॉर्क परगण्यात आहेत, त्यामुळे आपल्या कन्येच्या विभागात तिघे असावेत यात नवल नाही. येथे १८५६ मध्ये सुरू झालेल्या मद्याच्या कारखान्याचे नाव मर्फी, आणि २०२४ मध्ये उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे किलियन मर्फीही कॉर्कचेच. वेक्सफर्डमध्ये मात्र हे नाव घेतले की लोकांना १७९८ चा उठाव आणि त्यात पुढे होऊन लढलेले धर्मगुरू जॉन मर्फी आठवतात. त्यांना त्याच वर्षी टलो या गावी फाशी देण्यात आले. तेथे त्यांच्याबद्दल लोक ज्या आदराने बोलतात, तो मी स्वतः अनुभवला आहे.

एक गोष्ट बहुधा आपल्या कन्येच्याही लक्षात येईल. आयरिश भाषेत स्त्रीचे आडनाव पुरुषासारखे राहत नाही. अविवाहित मुलगी 'नी वुरुखू' असे लिहिते, कारण 'नी' मध्ये 'मुलगी' हा अर्थ आहे आणि त्यामुळे पुढच्या 'म'चा उच्चार 'व' होतो. विवाहानंतर पतीचे आडनाव घेतल्यास ते 'बॅन ई वुरुखू' होते. त्यामुळे एकाच घरातील भाऊ आणि बहीण यांची आडनावे वाचताना वेगळी वाटतात. आयरिशभाषक खेड्यांत एका आडनावाची अनेक घरे असल्याने माणसाच्या नावापुढे वडिलांचे आणि मग आजोबांचे नाव लावून त्याला ओळखण्याची रीतही आहे.

पाचपाखाडी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझा पुढचा प्रश्न असा की एखाद्या मर्फी कुटुंबाला आपण नेमके कोणत्या घराण्यातले हे शोधायचे झाल्यास ते शक्य आहे काय? मुलीच्या एका सहकाऱ्याने तसा प्रयत्न चालवला आहे. आणि आमचा रेडिओ आयरिश होता काय?

शब्दवेध

रेडिओची कंपनी इंग्लंडमधली. १९२९ मध्ये फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी ती वेल्विन गार्डन सिटी येथे काढली. आडनाव आयरिश, कारखाना इंग्रज.

लीनदीकाठ

शोध घेता येतो, पण वाट अडचणीची आहे. १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांची घरोघरची पत्रके आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत, तेव्हा सुरुवात तेथून करावी. त्याआधीच्या जनगणनांचे कागद जवळजवळ उरलेले नाहीत. काही सरकारी आदेशानेच नष्ट करण्यात आले, आणि बाकीचे बहुतांश १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले. एवढी मोठी हानी झालेली असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासाठी ग्रिफिथ यांच्या जमीन-मूल्यांकनाच्या याद्या आणि चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मर्फींच्या बाबतीत अडचण दुप्पट होते, कारण एकाच गावात एकाच नावाचे पाच-सहा जॉन मर्फी सापडतात. म्हणून त्या सहकाऱ्याने केवळ नाव शोधू नये. आधी घरातील वडीलधाऱ्यांकडून परगणा, गाव आणि शक्य असल्यास शेताचे नाव मिळवावे, आणि आजीचे माहेरचे आडनावही अवश्य विचारावे. ते आडनाव कमी प्रचारातले असेल, तर योग्य जॉन मर्फी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण तेच ठरते.