शेवट नसलेल्या कथा

आजकालच्या कथा मध्येच संपतात, हाती काही लागत नाही, अशी तक्रार बरेच वाचक करतात. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

कल्याण ते दादर लोकलमध्ये दिवाळी अंक वाचायची माझी जुनी सवय. गेल्या खेपेला एका कथेत बाई नवऱ्याचा डबा भरते, झाकण लावते, मग पुन्हा उघडून त्यातली एक पोळी काढून ठेवते. कथा खलास. मी वैतागून पान उलटलं. पण ठाणं येईपर्यंत ती पोळी काही डोक्यातून जाईना. परत मागे गेलो, तर दुसऱ्याच परिच्छेदात ती पिठाचा डबा उपडा करून आपटत होती. ते मी भराभर वाचून सोडून दिलं होतं! म्हणजे शेवट होता, फक्त तो आधीच सांगून झाला होता.

कधी आजूबाजूचं माहीत असावं लागतं, हेही खरं. जयंत पवारांना २०१२ साली ज्या कथासंग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो वाचताना मुंबईतल्या गिरणी कामगारांचा १९८२चा संप आणि त्यानंतरचं लालबाग-परळ, म्हणजे गिरण्यांचा भाग, ठाऊक असेल, तर साध्या वाक्यांनाही वजन येतं.

अर्धवट सोडलेल्या, आळशी कथाही असतात, त्याबद्दल तक्रार करणाऱ्यांशी सहमत. पण ते दुसऱ्या वाचनानंतर ठरवावं. आणि अख्खा संग्रह एका बैठकीत संपवू नका. मी आता जाताना एक कथा वाचतो आणि येताना तीच पुन्हा.